अंतराळवीराला व्यायाम आणि आजीला नुसतं कॅल्शियम, असं का?

२०२५ मध्ये आधी मार्चमध्ये सुनीता विल्यम्स २८६ दिवसांनी खाली आल्या, मग जुलैमध्ये शुभांशू शुक्ला अंतराळ स्टेशनवर १८ दिवस राहून परतले, आणि दोन्ही वेळेला त्यांना धरून बाहेर काढतानाचे व्हिडिओ घरोघरी फिरले. त्यावरून जो वाद सुरू झाला तो अजून चालूच आहे, कुठल्याही फॅमिली ग्रुपवर अंतराळाचा विषय निघाला की परत पेटतो. एक बाजू म्हणते की धडधाकट माणसं वर पाठवायची, त्यांची हाडं झिजवायची, मग कोट्यवधी खर्चून त्यांना पुन्हा चालायला शिकवायचं, हा कसला शहाणपणा, यंत्रं पाठवा आणि तोच पैसा दवाखान्यांना द्या. दुसरी बाजू देशाचा अभिमान, तिरंगा आणि जगात मान या तीन शब्दांवर सगळा किल्ला लढवते, फार तर टेफ्लॉन आणि वेल्क्रोची नावं फेकते (टेफ्लॉन सापडलं १९३८ मध्ये आणि वेल्क्रो एका स्विस इंजिनिअरचं, दोन्हींचा शोध अंतराळासाठी लागलेला नाही). इतक्या गदारोळात ज्या हाडांवरून भांडण सुरू झालं त्या हाडांबद्दल कोणी बोलतच नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. अंतराळात हाडं का झिजतात आणि ती कशी थोपवायची, हे माणसाला आता बऱ्यापैकी कळलंय. तोच आजार, त्याच कारणाने, आपल्या गावागावांत खाटेवर पडलेल्या लाखो माणसांना होतो आणि तिथे आपण ते ज्ञान वापरतच नाही. वरच्या माणसाला रोज दोन-अडीच तास घाम गाळायला लावतात, खालच्या माणसाला आपण कॅल्शियमची गोळी देतो आणि सांगतो, हलू नका. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच. त्यामुळे 'अंतराळ की दवाखाना' हा प्रश्नच मला चुकीचा वाटतो, खरा प्रश्न हा आहे की एकीकडे मिळालेलं ज्ञान दुसरीकडे का पोचत नाही.

हाड म्हणजे एकदा घडवून ठेवलेला दगड नाही. ते डागडुजी कायम चालू असलेल्या वाड्यासारखं आहे, एक टोळी जुनं खणून काढते, दुसरी मागून नवीन भरत येते, आणि किती खणायचं किती भरायचं हे ठरतं त्या हाडावर रोज किती भार पडतो त्यावर. बर्लिनच्या युलियस वुल्फ नावाच्या सर्जनने १८९२ मध्येच हे मांडलं होतं की हाड भाराप्रमाणे स्वतःची रचना बदलतं. आज त्यामागची यंत्रणाही माहीत आहे. हाडाच्या आत खोलवर बसलेल्या पेशी भार ओळखतात, भार पडला नाही की स्क्लेरोस्टिन नावाचं प्रोटीन जास्त सोडतात, आणि ते भरणाऱ्या टोळीचं काम थांबवतं. खणणारे मात्र थांबत नाहीत, उलट जोरात खणतात. हाडाला तुमचं वय, तुमची पुण्याई, तुम्ही अंतराळात आहात की सांगलीत खाटेवर आहात, काही कळत नाही. त्याला फक्त भार कळतो.

आणि हे काही अंतराळयुगाचं संशोधन नाही. १९४८ मध्ये अमेरिकेत डेट्रिक, व्हेडन आणि शोर या डॉक्टरांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. चार तरुण, निरोगी, तयारीने आलेले पुरुष. त्यांना कमरेपासून पायाच्या बोटांपर्यंत प्लास्टरमध्ये घालून सहा ते सात आठवडे निजवलं. जेवण मोजून, लघवी मोजून, पोटात किती कॅल्शियम गेलं आणि बाहेर किती पडलं याचा रोजचा हिशोब. काही आठवड्यांत त्यांच्या लघवीतलं कॅल्शियम जवळजवळ दुप्पट झालं. जेवण तेच, माणूस तोच, आजार कसलाच नाही, फक्त पाय जमिनीला लागत नव्हते. त्याच्या आदल्याच वर्षी लंडनच्या रिचर्ड ॲशर या डॉक्टरने ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये लिहिलं होतं की रुग्णाला अंथरुणात ठेवणं हीच एक धोक्याची गोष्ट आहे, आणि त्या धोक्यांच्या यादीत हाडांतून निघून जाणारा चुना, म्हणजे कॅल्शियम, होताच. म्हणजे पहिला अंतराळवीर गागारिन वर जायच्या तेरा-चौदा वर्षं आधी हे छापून आलेलं होतं. मग तेव्हापासून आपण काय केलं?

अंतराळवाल्यांनी काय केलं ते आधी बघू, कारण त्यांनाही हे लगेच पटलं नव्हतं. जून १९७० मध्ये सोयूझ ९ या सोव्हिएत यानातून निकोलायेव आणि सेवास्त्यानोव हे दोघं जवळजवळ १८ दिवस राहून आले आणि उतरल्यावर त्यांना धड उभंही राहता येईना. (तेवढेच दिवस स्टेशनवर राहून आलेले शुक्ला आधार घेऊन का होईना, चालत बाहेर आले. मधल्या ५५ वर्षांत जे शिकलं गेलं त्याचा यात मोठा वाटा आहे.) त्या फ्लाइटनंतर सोव्हिएत लोकांनी व्यायाम हा मोहिमेचाच भाग करून टाकला. १९८४ मध्ये आपल्या राकेश शर्मांनी साल्युत ७ या सोव्हिएत स्टेशनवर योगासनांचा प्रयोग केला तोही याच प्रश्नाच्या मागे. तरीही मीर या रशियन स्टेशनवर आणि सुरुवातीच्या आंतरराष्ट्रीय स्टेशनवर खुब्याच्या हाडाची घनता महिन्याला एक ते दीड टक्का घटत होती, मेनोपॉजनंतर बाईचं वर्षभरात जेवढं जातं साधारण तेवढं एका महिन्यात. ट्रेडमिल होती, सायकल होती, मग का घटत होती? कारण भार पुरेसा नव्हता. पहिलं वजनाचं मशीन जेमतेम १३६ किलोपर्यंत जायचं. ऐकायला खूप वाटतं, पण तिथे उठाबशा काढताना स्वतःच्या शरीराचं वजनच नसतं, ते मशीनने भरून काढावं लागतं, त्यात बरंचसं संपून जातं. २००८ च्या शेवटी तिथे २७२ किलोपर्यंत जाणारं नवीन मशीन बसवलं. जे त्यावर नीट व्यायाम करत होते, पोटभर जेवत होते आणि ड जीवनसत्त्व घेत होते, त्यांची घनता सहा महिन्यांनंतरही बरीचशी टिकलेली दिसली.

आता खाली या. आमच्या नात्यातल्या एक काकू, सत्तरी ओलांडलेल्या, बाथरूममध्ये घसरून पडल्या, खुबा मोडला, ऑपरेशन होऊन बॉल बदलला. ऑपरेशन व्यवस्थित झालं, त्याबद्दल तक्रार नाही. डिस्चार्जच्या कागदावर गोळ्यांची यादी, आठवड्याला एक ड जीवनसत्त्वाचं सॅशे, आणि खाली दोनच शब्द, 'बेड रेस्ट'. किती दिवस ते नाही, कधी उठायचं ते नाही, किती वजन टाकायचं ते नाही. घरच्यांनी ते अगदी मनापासून पाळलं. एअर बेड आणला, डायपर आणले, ब्युरोतून मावशी ठेवली, आणि काकूंनी पाय खाली सोडले की सून धावत यायची, "आई, तुम्ही नका उठू, मी आहे ना". वॉकर कोपऱ्यात, त्यावर टॉवेल वाळत घातलेले. दोन महिन्यांनी त्यांची मांडी बघितली तर कातडी लोंबत होती. या घरात कोणी दुष्ट नव्हतं, कोणी कंजूष नव्हतं, सगळे जीव तोडून करत होते. पण जे करत होते ते १९४८ च्या त्या प्लास्टरपेक्षा फार वेगळं नव्हतं, आणि इथे तर तरुण नाही, आधीच हाडं विरळ झालेली बाई होती.

यावर पहिलं उत्तर येतं कॅल्शियमचं, आणि ते झटकून टाकण्यासारखं नाही. आपल्याकडे ड जीवनसत्त्वाची कमतरता सर्रास आहे, कित्येक बायकांच्या ताटात दूध-दही शेवटी उरलं तर येतं, आणि ही कमी भरून न काढता व्यायामाची भाषणं देणं अन्यायाचं आहे. गोळ्या बंद करा असं मी अजिबात म्हणत नाही. पण माणूस पडून असतो तेव्हा अडचण कॅल्शियम कमी येतंय ही नसते, हाडातून ते सुटून वाहून चाललंय ही असते. रक्तात ते आधीच पुरेसं असतं, कधी कधी जास्त होतं, विशेषतः तरुण रुग्णांमध्ये, म्हणून शरीर आतड्यातून आणखी घ्यायलाच नाखूष होतं, आणि लघवीतून जास्त गेल्यामुळे मुतखड्याचा धोका वाढतो, अंतराळवीरांनाही हीच भीती असते. गोळीने माल पुरवला जातो हो, पण भरणारी टोळी कामावरच नसेल तर तो माल लावणार कोण?

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. आराम हेही उपचारच आहेत, आणि हाडांच्या बाबतीत तर आरामानेच जीव वाचवलेत. ह्यू ओवेन थॉमसने बनवलेल्या स्प्लिंटने पहिल्या महायुद्धात मांडी मोडलेल्या सैनिकांच्या मृत्यूचं प्रमाण झपाट्याने खाली आणलं, आणि तिचं सगळं तत्त्व पाय हलू न देणं हेच होतं. मणका अस्थिर असेल तर हलवणं घातक असतं, काही फ्रॅक्चरमध्ये ठराविक आठवडे पायावर वजन टाकायचंच नसतं. हे सगळं खरं. पण तो आराम मोडलेल्या जागेला हवा असतो, आख्ख्या माणसाला नाही, आणि ही गल्लत वैद्यकाने याआधीही केलेली आहे. हार्ट अटॅक आला की चार ते सहा आठवडे पाठीवर निजवून ठेवायचे, कूसही बदलू द्यायची नाही, नर्सने भरवायचं, कारण तर्क एकदम पटणारा होता, जखमी हृदयाला विश्रांती हवी. १९५२ मध्ये बोस्टनच्या सॅम्युअल लेव्हिन आणि बर्नार्ड लाऊन यांनी ८१ रुग्णांना थेट आरामखुर्चीत बसवल्याचा अनुभव प्रसिद्ध केला. हाताखालच्या डॉक्टरांनाच ते भयंकर वाटलं, माणूस मरेल म्हणून विरोध झाला. भीती होती तसं झालं नाही, उलट माणसं सुधारली. आज अँजिओप्लास्टी झालेल्या माणसाला बहुतेक ठिकाणी दुसऱ्या दिवशी वॉर्डमध्ये चालवतात आणि कोणालाही त्यात क्रूरपणा दिसत नाही. हृदयाच्या बाबतीत आपण जे इतक्या सहज स्वीकारलं ते खुब्याच्या बाबतीत का जड जातं?

जड जातं कारण भीती आहे, परत पडली तर? ही भीती खोटी नाही. खुबा मोडलेल्या म्हाताऱ्या माणसांपैकी साधारण दर चार-पाचांमागे एक जण वर्षाच्या आत जातो, घरच्यांनी घाबरायचं नाही तर काय करायचं. शिवाय कोणी म्हणेल की अंतराळवीर चाळिशी-पन्नाशीतला, निवडून घेतलेला, तयारीचा माणूस, त्याच्याशी पंचाहत्तरीच्या बाईची तुलना कशाला. तुलना ताकदीची नाहीच, तत्त्वाची आहे. आणि भीतीचं म्हणाल तर पडून राहिल्याने पडण्याचा धोका कमी होत नाही, पुढे ढकलला जातो आणि वाढतो. साधारण सदुसष्टीच्या निरोगी माणसांना फक्त दहा दिवस बेडवर ठेवलं तर दोन्ही पायांतून मिळून जवळजवळ एक किलो स्नायू गेले, हे २००७ मध्ये नोंदवलेलं आहे. दहा दिवस! काकू दोन महिन्यांनी उठणार होत्या त्या कोणत्या पायांवर?

आणि हाडाला किती भार पुरतो याचं उत्तर तर फारच दिलासा देणारं आहे. १९८४ मध्ये रुबिन आणि लॅनियन यांनी कोंबड्याच्या पंखातलं एक हाड कामावरून पूर्ण सुटं केलं, म्हणजे पंख मारण्याचा कसलाही ताण त्यावर येऊ नये अशी शस्त्रक्रिया, आणि मग बाहेरून यंत्राने दिवसाला ठराविक वेळा त्यावर भार दिला. काहीच दिलं नाही तर हाड झिजलं. दिवसाला फक्त ४ वेळा दिला तर झीज थांबली. ३६ वेळा दिला तर हाड वाढलं, आणि त्याहून कितीही जास्त वेळा दिला तरी आणखी फायदा नाही. हे पक्ष्याचं हाड आहे, जसंच्या तसं माणसाला लावता येणार नाही, पण दिशा स्पष्ट आहे की हाडाला तासन् तास नको असतात, थोडे पण खरे धक्के हवे असतात. ऑस्ट्रेलियात विरळ हाडं असलेल्या, मेनोपॉज होऊन गेलेल्या बायकांना आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास, प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली चक्क जड वजनं उचलायला लावली, आठ महिन्यांनी त्यांची घनता सुधारली, २०१८ चा अभ्यास आहे. त्या बायका खाटेवर पडलेल्या नव्हत्या हे मान्य. खाटेवरच्या बाईने वजनं उचलावीत असं कोणी म्हणतही नाही. तिने ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी, फिजिओने धरून, डॉक्टरांनी सांगितलं तेवढंच वजन टाकून उभं राहावं, मग खुर्चीतून उठावं-बसावं, रोज थोडं जास्त. ब्रिटनच्या सरकारी मार्गदर्शक सूचनांमध्ये खुब्याच्या ऑपरेशननंतर दुसऱ्याच दिवशी उठवायला लिहिलेलं आहे, आणि आपल्याकडचे चांगले ऑर्थोपेडिक सर्जनही हेच करतात. अडतं ते घरी आल्यावर.

आता माझ्याच बाजूच्या लोकांना एक सांगायचंय, कारण 'चाला, सगळं ठीक होईल' असा उत्साह पण चुकीचा आहे. भाराने सगळं भागत नाही. २०२२ मध्ये १७ अंतराळवीरांचा अभ्यास आला, रोज व्यायाम करूनही त्यातल्या निम्म्याहून जास्त जणांचं नडगीचं हाड परत आल्यावर वर्षभरानेही पूर्वीइतकं भरलं नव्हतं. आणि पाठीचा कणा दुखावून कमरेखाली लुळी झालेली माणसं, झाडावरून पडलेली, इमारतीवरून पडलेली, बहुतेक तरुण, त्यांच्या गुडघ्याजवळचं हाड पहिल्या दोन-तीन वर्षांत तिसऱ्या हिश्श्यापासून अर्ध्यापर्यंत जातं. त्यांना फ्रेममध्ये बांधून उभं केलं तरी हाडाला फारसा फायदा झाल्याचा पुरावा नाही, कारण हाडावर मोठा ताण स्नायूच्या ओढीने येतो आणि तिथे स्नायूच ओढत नाही. अशा माणसाला 'व्यायाम कर' म्हणणं म्हणजे त्याच्या दुखण्याचा दोष त्याच्यावरच टाकणं आहे. तिथे खणणाऱ्या टोळीला आवरणारी औषधं लागतात, आणि ती लवकर लागतात, हाड गेल्यावर नाही.

ही औषधं कुठून आली बघा. ॲलेंड्रोनेट ही म्हाताऱ्या बायकांच्या ऑस्टिओपोरोसिसची, म्हणजे हाडं विरळ होण्याच्या आजाराची, आठवड्याला एक गोळी, जपान आणि अमेरिकेच्या अंतराळ संस्थांनी ती उचलली, सात अंतराळवीरांना व्यायामासोबत दिली, झीज आणि लघवीतलं कॅल्शियम दोन्ही आटोक्यात राहिलं, २०१३ मध्ये ते प्रसिद्ध झालं. उलट दिशेने, स्क्लेरोस्टिनला अडवणारं औषध २०११ मध्ये शेवटच्या शटलमधून उंदरांवर तपासलं गेलं आणि त्याच जातीचं औषध आज ऑस्टिओपोरोसिसच्या रुग्णांना मिळतं. म्हणजे दवाखान्यातून वर आणि वरून दवाखान्यात अशी ये-जा आधीपासून चालू आहे. दोन बाजू जी भिंत धरून भांडताहेत ती भिंतच नाही. आणि अंतराळाशिवाय हे कळलं असतं का? थोडंफार कळलं असतं, पण आजारी माणसाचं हाड झिजलं तर ते वयाने, आजाराने, स्टेरॉइडने की पडून राहिल्याने हे वेगळं काढता येत नाही. निरोगी माणसाला साठ दिवस डोकं खाली, पाय वर असं निजवून मोजायला पैसे कोण देणार होतं? अंतराळ संस्थांनी दिले, २००५ मध्ये तुलूझला तर खास स्त्रियांवर असा अभ्यास झाला. तेव्हा यंत्रं पाठवा म्हणणाऱ्यांशी मंगळावरचे दगड उचलण्यापुरता मी सहमत आहे, पण हाडाचा हा प्रश्न यंत्र वर पाठवून सुटणारा नव्हता.

पैशाचा मुद्दा मात्र पूर्ण खोडता येत नाही. तालुक्याच्या दवाखान्यात फिजिओ मिळणं मुश्कील, घरी बोलवायचा तर खिशातून, आणि दहा-बारा वेळा बोलावल्यावर बहुतेक घरं थांबतात. पण इथेही 'अंतराळाचे पैसे इकडे वळवा' हे उत्तर अपुरं आहे, कारण जे कमी पडतंय ते महागडं मशीन नाही, आणि काही गोष्टी तर निधीची वाट न बघता आज करता येतात. बेड रेस्ट लिहायचीच असेल तर औषधासारखी लिहावी, किती दिवस, कोणत्या अवयवाला, कधी बंद. डिस्चार्जच्या कागदावर दिवसातून किती वेळा उभं करायचं आणि पायावर किती वजन टाकायचं हे मराठीत लिहावं. खुबा मोडून आलेल्या प्रत्येक माणसाच्या बाबतीत झोलेड्रोनिक ॲसिडचा विचार झालाय का हे घरच्यांनी विचारावं, हाडांची झीज आवरणारं, वर्षातून एकदा द्यायचं सलाइन आहे, २००७ च्या मोठ्या अभ्यासात ऑपरेशननंतर तीन महिन्यांच्या आत ते दिलेल्यांमध्ये नवीन फ्रॅक्चर ३५ टक्क्यांनी आणि मृत्यू २८ टक्क्यांनी कमी झाले. किडनी, दात आणि ड जीवनसत्त्व बघून डॉक्टरांनीच ठरवायचं, पण प्रश्न तरी विचारला जावा. विमा कंपन्यांनी आणि सरकारी योजनांनी ऑपरेशनच्या पॅकेजमध्येच पुढच्या सहा आठवड्यांचा घरचा फिजिओ धरावा, परत ॲडमिट व्हायच्या खर्चापुढे तो काहीच नाही.

आणि सगळ्यात आधी, ब्युरोतून येणाऱ्या मावशींना शिकवा. रुग्णाजवळ बारा-बारा तास त्याच असतात, डॉक्टर पाच मिनिटं आणि फिजिओ अर्धा तास. त्यांना आज शिकवलं जातं ते पुसणं, भरवणं, कूस बदलणं, डायपर बदलणं. कमरेला पट्टा बांधून माणसाला सुरक्षित उभं कसं करायचं, कुठल्या बाजूला उभं राहायचं, वॉकरची उंची किती ठेवायची, चक्कर आली तर खाली कसं बसवायचं, हे फिजिओ कॉलेजांनी मनावर घेतलं तर आठवड्याभरात शिकवता येईल. २०३५ पर्यंत भारताचं स्वतःचं अंतराळ स्टेशन उभं करायचं ठरलंय, तिथल्या माणसांच्या हाडांसाठी डॉक्टर, मशीन आणि वेळापत्रक सगळं असेल आणि असायलाच हवं. मावशींच्या त्या आठवड्याच्या ट्रेनिंगला मात्र स्टेशनची वाट बघायची गरज नाही, ते येत्या जूनच्या सत्रातसुद्धा सुरू होऊ शकतं.